शाळेच्या गाठीला पैसा हवा

३१ मार्चला जिल्हा परिषदेच्या शाळेच्या खात्यात शून्य उरलं पाहिजे, असा आज सरकारी हिशेबाचा दंडक आहे. मिळालेला पैसा खर्चा, नाही तर परत करा. खर्च केलात तर उपयोगिता प्रमाणपत्र द्या, राहिला तर 'का राहिला' याचा खुलासा द्या. वरवर पाहता यात वावगं काही वाटत नाही. सार्वजनिक पैसा पडून राहू नये, हे कोण नाकारेल? पण जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या शाळांचं वर्ष कसं जातं ते जवळून पाहिलं, की हा दंडक शाळेचं काय करतो ते दिसू लागतं. माझं म्हणणं असं आहे, की शाळेकडे थोडी शिल्लक असणं ही तिच्या कारभारातली त्रुटी नव्हे, शाळा नीट चालण्याची ती पहिली गरज आहे. ती शिल्लक ठेवण्याचा हक्क शाळेला नियमाने मिळाला पाहिजे, आणि ती किती असावी याची वरची मर्यादाही त्याच नियमात लिहिली गेली पाहिजे.

आधी पैसा येतो कुठून ते पाहू. शिक्षकांचा पगार राज्य सरकार देतं आणि शिक्षणावरच्या खर्चाचा सर्वांत मोठा वाटा तोच आहे. त्याबद्दल इथे वाद नाही. वाद आहे तो उरलेल्या चिमूटभर पैशाबद्दल. खडू, फळा, वीजबिल, पाण्याची मोटर, शौचालयाची सफाई, फुटलेली कौलं हे सगळं ज्यातून भागवायचं, त्या समग्र शिक्षा अभियानाच्या संयुक्त शाळा अनुदानाबद्दल. हे अनुदान पटावर ठरतं. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार रुपये, ३१ ते १०० ला २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार, त्यापुढे हजारापर्यंत ७५ हजार आणि हजाराच्या वर १ लाख. यातला दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्चायचा असतो.

आता २८ पटाची एक द्विशिक्षकी शाळा डोळ्यांसमोर आणा. १० हजारांतले १ हजार स्वच्छतेचे. राहिले ९ हजार, म्हणजे महिन्याला ७५० रुपये. त्यात वीजबिल आलं, हजेरीपटापासून प्रगतिपुस्तकापर्यंतची स्टेशनरी आली, छपाई आली, पिण्याच्या पाण्याची टाकी आली. पट ३० चा ३१ झाला तर अनुदान एकदम अडीचपट होतं आणि ३१ चा ३० झाला तर १५ हजार रुपये जातात. शाळेचं छप्पर मात्र ३० मुलांवर असो की ३१ वर, तेवढंच गळतं. साक्री-शिरपूरच्या आदिवासी भागातून दरवर्षी कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात. त्यांच्याबरोबर मुलं जातात आणि मुलांबरोबर शाळेचा पटही हेलकावे खातो. म्हणजे ज्या शाळेला पैशाची सर्वांत जास्त निकड, तिथेच तो सर्वांत कमी आणि सर्वांत बेभरवशाचा.

रक्कम तुटपुंजी आहे हा एक प्रश्न. ती येते केव्हा, हा त्याहून मोठा. सरकारचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, आपल्याकडची शाळा जूनच्या मध्याला उघडते, आणि अनुदान अनेकदा शाळेपर्यंत पोचतं ते फेब्रुवारी-मार्चमध्ये. खानदेशात मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला वादळी वारे सुटतात. रावेर, यावल, मुक्ताईनगर पट्ट्यात केळीच्या बागा आडव्या होतात त्या याच दिवसांत, आणि शाळांचे पत्रे उडतात तेही याच दिवसांत. बागेचे पंचनामे होतात, भरपाईची निदान मागणी तरी होते. शाळेचा पत्रा उडाला तर मुख्याध्यापकाने केंद्रप्रमुखाला कळवायचं, केंद्रप्रमुखाने गटशिक्षणाधिकाऱ्याला, तिथून प्रस्ताव बांधकाम विभागाकडे, मग अंदाजपत्रक, मग मंजुरी. तोवर पहिलीची पोरं व्हरांड्यात बसतात. चार पत्रे आणि सुताराची मजुरी एवढाच प्रश्न असतो. तो सोडवायला गावात सुतार असतो, तालुक्याला पत्रे मिळतात, समितीत शहाणी माणसं असतात. नसतो तो फक्त शाळेच्या हातात त्या दिवशी असायला हवा तो पैसा.

पैसा आलाच तरी तो शाळेच्या खात्यात येतो असं समजू नका. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या मार्च २०२१ च्या आदेशानंतर केंद्रपुरस्कृत योजनांचा पैसा प्रत्येक राज्यात एकाच मध्यवर्ती खात्यात राहू लागला. शाळेला मिळालं ते शून्य शिलकीचं खातं आणि पडद्यावर दिसणारी खर्चाची 'लिमिट'. शाळांच्या जुन्या खात्यांतली उरलेली रक्कम व्याजासह परत मागवली गेली. आता मुख्याध्यापकाने काय करायचं? संगणक प्रणालीवर दुकानदाराची नोंद करायची, 'मेकर' म्हणून देयक भरायचं, 'चेकर' म्हणून मंजूर करायचं, 'पीपीए' नावाचा कागद छापायचा, त्यावर सह्या-शिक्के घ्यायचे आणि मुदत संपायच्या आत तो बँकेत नेऊन द्यायचा. जळगाव शहरातल्या शाळेला हे जमतं. चोपडा-यावलच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावर जिथे मोबाइलला रेंज नाही आणि प्रिंटर नाही, तिथले गुरुजी वर्ग सोडून तालुक्याच्या सायबर कॅफेत बसतात. एक शिक्षक तिथे, तर दुसऱ्यापुढे चार इयत्ता. आणि वर्षअखेरीस ती लिमिट वापरली गेली नाही, तर ती मावळते.

मग मार्चएन्डला जे व्हायचं ते होतं. आठ-पंधरा दिवसांत पैसा संपवायचा असतो, म्हणून जे पटकन मिळतं ते विकत घेतलं जातं. शौचालयाची टाकी दुरुस्त करायला गवंडी शोधावा लागतो, काम पाहावं लागतं, दोन-तीन आठवडे जातात. खेळाचं साहित्य, तक्ते आणि रजिस्टरं मात्र एका बिलात एका दिवसात येतात. साठा रजिस्टरला नोंद होते, उपयोगिता प्रमाणपत्र जातं, 'शंभर टक्के खर्च' असा अहवाल वर सरकतो, आणि जूनमध्ये त्याच शाळेत मुली शौचालय बंद म्हणून घरी जातात. यात मुख्याध्यापकाची नियत खोटी असते असं नाही. वेळेवर खर्च करणाऱ्याला शाबासकी आणि जपून खर्च करणाऱ्याला खुलासा, असा नियम असेल तर माणसं वेळेवर खर्च करायलाच शिकतात. जपून खर्च करण्याची सवय आपण नियमाने मोडून काढली आहे.

मधल्या महिन्यांत शाळा चालते कशी? शिक्षकांच्या खिशातून. पोषण आहाराचा भाजीपाला आणि इंधन आधी गुरुजी आणतात, पैसे महिन्यांनी मिळतात. वीज तोडायला महावितरणचा माणूस आला की दोन शिक्षक मिळून बिल भरतात. याचं कौतुक पुष्कळ होतं. मला त्या कौतुकाची भीती वाटते. एका चांगल्या माणसाच्या खिशावर चालणारी शाळा त्याच्या बदलीबरोबर बसते.

दुसरा आधार लोकवर्गणीचा. धुळे जिल्ह्याने त्यात मोठं काम करून दाखवलं. न्यूयॉर्कमध्ये नोकरी केलेले मूळचे धुळ्याचे हर्षल विभांडिक यांनी पुढाकार घेतला, गावोगावी लोकांनी पैसे काढले, आणि जिल्हा परिषदेच्या अकराशेहून अधिक शाळा २०१७ च्या सुमारास डिजिटल झाल्या. हा गावांच्या शहाणपणाचा पुरावा आहे. पैसा आपल्या शाळेला दिसेल असा लागणार असेल तर गाव मागे राहत नाही. पण याच कामाने दुसरी गोष्टही दाखवली. पडदा आणि प्रोजेक्टर एकदाच घ्यावा लागतो, वीजबिल दर महिन्याला येतं. बल्ब गेला, बॅटरी उतरली, तर पुन्हा वर्गणी मागायची कोणाकडे? आणि वर्गणी सगळीकडे सारखी निघत नाही. पाटाच्या पाण्यावर केळी पिकवणारं गाव देईल. शिंदखेड्याच्या कोरडवाहू गावाने किंवा निम्मं गाव ऊसतोडीला गेलेल्या पाड्याने काय द्यावं? सरकारी शाळेचा खर्च गावाच्या ऐपतीवर सोडणं म्हणजे गरीब गावाच्या मुलांना गरीब शाळा देणं.

आता विरोधी बाजू. तिच्यात तथ्य आहे आणि ते नीट मांडलं पाहिजे. पहिला मुद्दा पडून राहणाऱ्या पैशाचा. योजनांचा पैसा हजारो खात्यांत विखुरलेला, सरकार मात्र तेवढ्याचसाठी व्याजाने कर्ज काढतंय, अशी स्थिती खरोखर होती, आणि २०२१ चा आदेश त्यासाठीच निघाला. पण हिशेब करून पाहा. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शाळा साठ हजारांच्या आसपास आहेत. प्रत्येकीकडे सरासरी २५ हजार रुपये शिल्लक राहिले असं धरलं, तर एकूण रक्कम होते १५० कोटी. सात टक्क्यांनी त्यावरचं वर्षाचं व्याज साडेदहा कोटी. राज्य शालेय शिक्षणावर जेवढा खर्च करतं तो त्या १५० कोटींच्या शेकडो पट आहे. साडेदहा कोटींचं व्याज वाचवायला साठ हजार शाळांना जूनमध्ये रिकाम्या हाताने उभं करणं हा शहाणा व्यवहार नव्हे. मोठ्या खात्यांचा पैसा आणि एका शाळेचे पंचवीस हजार यांना एकच नियम लावला, इथे चूक झाली.

दुसरा मुद्दा भ्रष्टाचाराचा, आणि आमच्या भागात तो हसण्यावारी नेता येत नाही. जळगावच्या घरकुल प्रकरणात धुळ्याच्या विशेष न्यायालयाने २०१९ मध्ये ४८ जणांना दोषी ठरवलं. भाईचंद हिराचंद रायसोनी पतसंस्थेत ठेवी अडकल्या, तेव्हा म्हातारपणाची पुंजी गेलेली माणसं सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. सार्वजनिक पैशाला पाय फुटतात हे आम्हाला कोणी शिकवायला नको. पण हे पैसे गेले कुठून? शंभर-दोनशे माणसांच्या ग्रामसभेसमोर वाचल्या जाणाऱ्या जमाखर्चातून नव्हे. जिथे रक्कम मोठी, निर्णय थोडक्या हातांत आणि ज्याचा पैसा तो माणूस दूर, तिथून ते गेले. शाळेच्या व्यवस्थापन समितीत शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. अनुदान कसं खर्च होतं यावर लक्ष ठेवणं हे त्या समितीचं कायद्याने ठरवून दिलेलं काम आहे. जिचं पोरगं गळक्या छपराखाली बसतं, तिच्याहून कडक लेखापरीक्षक सरकारला कुठे मिळणार आहे?

सगळं वर ओढून घेतल्याने कारभार सुधारतो असाही अनुभव नाही. गणवेशाचं उदाहरण ताजं आहे. पूर्वी समिती गावाजवळच्या शिंप्याकडून किंवा दुकानातून गणवेश घ्यायची. २०२४-२५ मध्ये राज्याने 'एक राज्य, एक गणवेश' म्हणत कापडाची खरेदी आपल्याकडे घेतली. गणवेश उशिरा आले, मापांच्या आणि शिलाईच्या तक्रारी राज्यभरातून आल्या, आणि वर्ष संपायच्या आत काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवण्याचा निर्णय झाला. ज्या समितीवर गणवेशासाठी विश्वास टाकता येतो, तिच्यावर पत्र्यांसाठी का टाकू नये?

शाळेचा पैसा आणि सरकारचा हात यांचं हे दुखणं जुनं आहे. १८१३ च्या सनदी कायद्याने कंपनी सरकारने शिक्षणासाठी वर्षाला १ लाख रुपये बाजूला ठेवायचं ठरवलं. तो पैसा कसा खर्चायचा आणि कोणी, हे ठरवण्यात दहा वर्षं गेली. मुंबई इलाख्यात, ज्यात आपला खानदेश होता, १८६० च्या दशकात जमीन महसुलाच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांना ठरला. रयतेने तो इमाने इतबारे भरला. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं तेव्हा त्यांची तक्रार हीच होती, की महसूल येतो रयतेच्या घामातून आणि तिच्या मुलांच्या प्राथमिक शाळांना त्यातलं पुरेसं मिळत नाही. पैसा देणाऱ्याच्या मुलापर्यंत तो पोचला पाहिजे, हा फुल्यांचा आग्रह होता. सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. आज पैसा निघतो, पडद्यावर दिसतो, आणि मुलापर्यंत पोचायच्या आत ३१ मार्च येतो.

आपल्याच नियमांत या प्रश्नाचं अर्धं उत्तर पडलेलं आहे. राज्य सरकार जिल्हा परिषदेला जिल्हा नियोजनातून जो निधी देतं, तो खर्च करायला दोन वर्षांची मुदत असते. कामाला वेळ लागतो, पावसाळा आडवा येतो, निविदा लांबतात, हे सरकारने तिथे मान्य केलं आहे. अभियंते, लेखाधिकारी आणि कारकून हाताशी असलेल्या जिल्हा परिषदेला दोन वर्षं, आणि दोन शिक्षकांच्या शाळेला काही आठवडे! शिवाय शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक समितीला शाळा विकास आराखडा करायला सांगितलं आहे आणि केंद्राच्या २०१० च्या नियमांत तो तीन वर्षांचा आहे. तीन वर्षांचा आराखडा करा म्हणायचं आणि एक रुपयाही पुढच्या वर्षात नेऊ द्यायचा नाही, मग तो आराखडा कपाटातच राहणार. यंदा पाच हजार, पुढच्या वर्षी पाच हजार असं साठवून कुंपण घालू, हा विचारच समितीला करता येत नाही. खानदेशातला कोणताही शेतकरी मागच्या हंगामाचा सगळा पैसा संपवून मृग नक्षत्राची वाट पाहत नाही. बियाण्यापुरता तो बाजूला काढतोच. शाळेला आपण नेमकी तेवढीच मुभा नाकारली आहे.

बाहेर पाहिलं तर या प्रश्नावर विचार झालेला आहे. अमेरिकेत शाळा चालवणारे जिल्हे स्वतंत्र असतात आणि त्यांच्या शिलकीवर राज्यं नियम करतात. कॅलिफोर्नियात जिल्ह्याच्या आकाराप्रमाणे खर्चाच्या १ ते ५ टक्के किमान राखीव निधी ठेवावाच लागतो आणि जिल्हा जितका लहान तितकी टक्केवारी जास्त, कारण लहानाला एकच धक्का पुरतो. २०१४ मध्ये तिथे वरच्या मर्यादेचा कायदा झाला. २०१७ मध्ये तो सुधारून ती मर्यादा दहा टक्क्यांवर आणली. राज्याची स्वतःची शिक्षणाची गंगाजळी पुरेशी भरलेली असेल तेव्हाच ती लागू होते, आणि लहान जिल्ह्यांना तिच्यातून वगळलं आहे. न्यूयॉर्क राज्यात मोकळी शिल्लक पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाच्या चार टक्क्यांवर जाऊ देत नाहीत. त्यांची श्रीमंती आपल्याकडे नाही आणि त्यांची करपद्धतही नाही. पण तिथला वाद शिल्लक किती असावी यावर आहे, आणि वरची मर्यादा लिहितानाही शाळेच्या हाती काही तरी राहणार हे तिथे गृहीत आहे. आपण मात्र शून्याला शिस्त समजून बसलो आहोत.

म्हणून राज्य सरकारने शाळा राखीव निधीचा नियम करावा, आणि तो साधा असावा. पट कितीही कमी असो, कोणत्याही शाळेचं संयुक्त अनुदान २५ हजारांच्या खाली असू नये. १० हजारांत शाळा चालत नाही. अनुदानाचा निम्मा हप्ता शाळा उघडायच्या दिवशी हातात असावा. न खर्चलेली रक्कम एका वर्षाच्या अनुदानाइतकी होईपर्यंत शाळेकडेच राहावी, त्यापुढची परत जावी. हा पैसा राष्ट्रीयीकृत बँकेतच असावा आणि व्याज शाळेचं असावं. त्यातून दुरुस्ती, पाणी, शौचालय आणि आपत्तीतला खर्च तेवढाच करता यावा, साहित्याची खरेदी नाही. खर्चाला समितीचा ठराव हवा, जमाखर्च शाळेच्या दर्शनी भिंतीवर लिहिलेला हवा आणि ग्रामसभेत वाचलेला हवा. जिथे शाळा फारच लहान आहे, तिथे केंद्रातल्या दहा-बारा शाळांचा एक सामाईक निधी असावा, म्हणजे वादळाने एका पाड्याची शाळा उघडी पडली तर बाकीच्या तिच्यामागे उभ्या राहतील. आणि शाळांचं वीजबिल या अनुदानातून काढून सरकारने थेट महावितरणला भरावं. एका सरकारी कंपनीने सरकारी शाळेची वीज तोडावी यात कोणाचंच हित नाही.

केंद्राच्या योजनेचे नियम राज्य एकट्याने बदलू शकत नाही, असं उत्तर येईल. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. राज्य स्वतःच्या तिजोरीतून सादिल अनुदान देतं, जिल्हा परिषदेचा स्वतःचा सेस फंड असतो. या पैशावर कोणाची हरकत आहे? जळगाव किंवा धुळे जिल्हा परिषदेने आपल्या सेसमधून एक-दोन तालुक्यांत असा निधी सुरू करून दाखवावा. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर कारभार वर्षानुवर्षे प्रशासकाकडे राहिला. निवडून आलेला सदस्य नसतो तेव्हा शाळेच्या छपराचा प्रश्न सभागृहात विचारणारा आवाजही नसतो. अशा काळात गावाच्या समितीच्या हाती थोडा अधिकार असणं आणखीच गरजेचं.

हे काम पालकांनीच पुढे न्यायचं आहे. पुढच्या ग्रामसभेत शाळेच्या हिशेबाचं कॅशबुक मागा. पैसा कधी आला, कधी संपला आणि कशावर संपला, हे तारखांसह विचारा. शिक्षकाला आरोपी करायला नव्हे, त्याच्या बाजूने उभं राहायला विचारा. मग ठराव करा, की आमच्या शाळेची शिल्लक आमच्या शाळेकडे राहिली पाहिजे आणि तिचा हिशेब आम्ही देऊ. असे शंभर गावांचे ठराव गटशिक्षणाधिकाऱ्याच्या टेबलावरून मुंबईपर्यंत गेले, तर वित्त विभागाला त्यांना उत्तर द्यावं लागेल. सरकारने लोकांवर पंचवीस हजार रुपयांचाही विश्वास ठेवू नये, इतके आपण नालायक नाही. हे सरकारला सांगायला हवं, आणि आधी आपण स्वतः मानायला हवं.